नेट गेलंय, पण कुठपर्यंत? मोठ्या खोळंब्याचा तपास जागेवरून कसा करायचा

नोव्हेंबर महिना, सकाळचे अकरा. सेवा केंद्रात हयातीच्या दाखल्यासाठी सात-आठ पेन्शनर बसलेले. एका आजींनी अंगठ्याच्या मशीनवर तिसऱ्यांदा अंगठा टेकवला आणि स्क्रीनवरचं चाक नुसतं फिरत राहिलं. केंद्र चालवणाऱ्या ताईंचा मला फोन आला, "दादा, सर्व्हर डाउन आहे का हो?" तालुक्यातल्या काही पतसंस्था, दवाखाने आणि सेवा केंद्रांची नेटवर्कची कामं मी बघतो. पुढच्या दहा मिनिटांत आणखी तीन फोन आले. पतसंस्थेतून "वायफाय गेलं", दवाखान्यातून "राउटर जळला वाटतं", मेडिकलवाल्याकडून "क्यूआरवर पैसे जात नाहीत".

चार ठिकाणं, चार नावं, दुखणं एकच. गावाबाहेर रस्ता रुंदीकरण चालू होतं आणि तिथे जेसीबीच्या बकेटमध्ये फायबर आली होती. हे कळायला आम्हाला दीड तास लागला. तोवर दवाखान्यातल्या मुलाने राउटरच्या मागच्या छोट्या भोकात पिन घालून तो रिसेट करून टाकला होता. त्यामुळे दुपारी लाइन जोडली गेली तरी दवाखान्याचं नेट संध्याकाळपर्यंत आलं नाही, कारण रिसेटमध्ये कनेक्शनचा युजरनेम-पासवर्डही पुसला गेला होता. नंबर घेतलेले पेशंट त्या दिवशी रिपोर्ट न घेताच परत गेले. हा लेख मी त्या दिवसामुळे लिहितोय.

नेट गेल्यावर "बंद आहे का?" असं विचारलं की उत्तर फक्त हो किंवा नाही मिळतं आणि त्याने काही हाती लागत नाही. "कुठपर्यंत चालू आहे?" असं विचारा. तुमच्या फोनपासून राउटर, तिथून खांबावरची फायबर, कंपनीचं जिल्ह्याचं ठिकाण, मुंबई, समुद्राखालची केबल आणि शेवटी समोरच्या वेबसाइटचा सर्व्हर, अशी ती साखळी आहे. तिच्यावर हात ठेवत ठेवत पुढे जायचं. जिथे हात रिकामा लागेल तिथे बिघाड.

आधी घड्याळ, मग दिवे, मग हात

पहिलं काम, वेळ लिहून घ्या. "सकाळी कधीतरी" असं नको, ११:०४ असं नेमकं. पुढे तक्रार करताना, शेजाऱ्याशी ताडून बघताना आणि बाहेरच्या आलेखावर खळगा शोधताना ही एक नोंद सगळ्यांत जास्त उपयोगी पडते.

दुसरं, राउटर लगेच बंद-चालू करू नका. त्याआधी त्याच्या दिव्यांचा फोटो काढा. बंद-चालू केलं की दिव्यांची मूळ अवस्था जाते आणि तीच तर साक्ष असते.

फायबरच्या डब्यावर (आपण मॉडेम म्हणतो, कंपनीची माणसं ओएनटी म्हणतात) साधारण हे दिवे असतात: पॉवर, पॉन (पी-ओ-एन), लॉस (एल-ओ-एस), इंटरनेट आणि वायफाय. लॉस लाल झाला असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. फायबर तुटलीय, कुठे जोरात मुडपलीय किंवा पलीकडे कंपनीच्या ठिकाणी वीज गेलीय. लॉस विझलेला आणि पॉन नुसता लुकलुकत असेल तर प्रकाश पोचतोय, पण तुमच्या डब्याची पलीकडे नोंदणी होत नाहीये. हे दोन्ही ठीक आणि फक्त इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला असेल तर लाइन शाबूत आहे, लॉगिन अडकलंय किंवा कंपनीच्या आतल्या नेटवर्कमध्ये गडबड आहे. हेल्पलाइनला "नेट चालत नाही" म्हणण्याऐवजी "११:०४ पासून लॉस लाल आहे" असं सांगितलं तर बोलणं बंद-चालूपाशी न अडकता थेट लाइनमनपर्यंत जातं, हा माझा कायमचा अनुभव आहे.

पिवळी किंवा पांढरी बारीक केबल कुणी कपाटामागे दाबली नाही ना, उंदराने कुरतडली नाही ना, तेवढं बघा. मात्र ती उपसून टोक डोळ्यासमोर धरू नका. आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याला घातक ठरू शकतो. मुलांना हे आवर्जून सांगा.

हे सगळं झाल्यावर एकदा डबा बंद करा, दोन मिनिटं थांबा, चालू करा. एकदाच. आणि रिसेटच्या भोकाला कुणालाही हात लावू देऊ नका.

वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे

फोनवर वायफायच्या काड्या पूर्ण असतील तर फोन आणि डबा यांची ओळख आहे, एवढाच त्याचा अर्थ. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून बघा (आकडे इंग्रजीतच टाइप करायचे, काही डब्यांचा पत्ता वेगळा असतो, तो डब्याच्या खालच्या स्टिकरवर छापलेला सापडेल). लॉगिनचं पान आलं तर साखळीची पहिली कडी धड आहे. ते पानही आलं नाही तर बिघाड घरातलाच. लॅपटॉपला वायर जोडून खात्री करा.

दुसऱ्या कंपनीचं सिम, हा खरा साक्षीदार

आता ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीच्या मोबाइलवर डेटा चालतोय का बघा. एक गोष्ट अनेकांना चकवते. मोबाइलला रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि तरी काहीच उघडत नाही. काड्या फक्त टॉवरपर्यंतच्या असतात. टॉवरच्या मागे बहुतेक ठिकाणी फायबरच असते आणि ती एकाच चरातून गेलेली असेल तर एका बकेटमध्ये ब्रॉडबँडही जातं आणि दोन-दोन कंपन्यांचे टॉवरही आंधळे होतात. आमच्याकडे त्या दिवशी नेमकं हेच झालं होतं. ताईंचा फोन लागला तो तिसऱ्या कंपनीच्या सिमवरून, तिची लाइन गावात दुसऱ्या बाजूने येत होती म्हणून.

८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स कंपनीचं सगळं जाळं एकाच वेळी कोसळलं, १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांचं. कार्डाने पैसे देणं थांबलं, आणीबाणीचे ९११ चे फोनही अनेकांचे लागेनात. कारण जेसीबी नव्हता. एका राउटरच्या सेटिंगमधली गाळणी देखभालीच्या कामात काढली गेली आणि मुख्य राउटरांवर मार्गांच्या माहितीचा लोंढा आला. दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरांचे फोनही त्याच कंपनीचे होते, त्यामुळे सुरुवातीला त्यांना एकमेकांशी बोलताही येईना. घरातली सगळी सिमं आणि ब्रॉडबँड एकाच कंपनीचं घेतलं की बिल स्वस्त पडतं हे खरं, पण निदान एक सिम वेगळ्या कंपनीचं ठेवा असा माझा आग्रह त्यामुळेच असतो.

नंबर लागतो, नाव लागत नाही

इथवर सगळं धड दिसलं आणि तरी साइट उघडत नाही, तर कॉम्प्युटरवर कमांडची काळी खिडकी उघडा. त्यात इंग्रजीत पिंग (पी-आय-एन-जी), एक जागा सोडून १.१.१.१ असं लिहून एंटर दाबा. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला दिलेली हाक, ते ओ देतं का ते कळतं. मग तसंच ८.८.८.८ ला करा. पहिला पत्ता क्लाउडफ्लेअरचा (असंख्य साइटची रहदारी सांभाळणारी कंपनी), दुसरा गुगलचा. उत्तरं आली तर तुमची लाइन जगाशी जोडलेली आहे.

आता नंबराऐवजी नाव टाका, गुगल डॉट कॉम. नंबर लागतो पण नाव लागत नाही, तर घोटाळा डीएनएसचा. साइटच्या नावावरून तिचा नंबर सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस, एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकीच. अमुक गावाची गाडी कुठल्या फलाटाला, ते तिथे कळतं. गाड्या सुटत असतात, पण खिडकी बंद असली तर नवखा माणूस स्टँडवरच अडकतो. पुष्कळदा खिडकी फक्त तुमच्या कंपनीची बंद असते. फोनच्या किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून वरच्या दोनपैकी एक पत्ता घातला की काम सुरू होतं. मी हे मिनिटभराचं काम करून आख्ख्या पतसंस्थेचा दिवस वाचलेला पाहिलाय.

नाव आणि मार्ग दोन्ही एकदम गेले तर काय दिसतं, याचं मोठं उदाहरण ४ ऑक्टोबर २०२१ चं. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्ही थांबली. घरोघरी लोकांनी राउटर उपसले, मोबाइल बंद-चालू केले. ज्यांनी १.१.१.१ ला पिंग केलं त्यांना लगेच उत्तर मिळालं, म्हणजे लाइन ठीक. फेसबुकचं नाव विचारलं की मात्र डीएनएसकडून 'सर्व्हफेल', म्हणजे उत्तर मिळवता आलं नाही, एवढंच यायचं. झालं असं होतं की देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळंच बंद पडलं. असे आदेश अडवायला ठेवलेल्या तपासणीच्या साधनात दोष होता, त्याने तो अडवला नाही. डेटा सेंटरशी संपर्क तुटल्यावर कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांनी, ठरवून दिल्याप्रमाणे, "आमच्याकडे या" ही जगाला दिलेली सूचना मागे घेतली. या सूचनांच्या पद्धतीला बीजीपी म्हणतात. जगभरातली नेटवर्क एकमेकांना आपापल्या वाटा अशा कळवत असतात. स्टँडच्या भाषेत, चौकशीची खिडकी बंद आणि गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पाट्याही उखडलेल्या. दूरवरून काही दुरुस्त करायला वाटच उरली नव्हती, माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. सेवा परतायला सहा तासांच्या आसपास गेले, तोवर आपल्याकडे पहाट जवळ आली होती.

उलट प्रकारही होतो, पाटी चुकीची लागते. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तानात यूट्यूब अडवण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरता एक खोटा मार्ग तयार केला, तो बाहेर गळला आणि जगभरातली यूट्यूबची रहदारी तिकडे वळली. दोनेक तास यूट्यूब जगात बहुतेकांना दिसत नव्हतं.

वाट मोजून बघा

विंडोजवर त्याच काळ्या खिडकीत ट्रेसर्ट (टी-आर-ए-सी-ई-आर-टी) आणि पुढे ८.८.८.८ लिहिलं की वाटेतल्या एकेका राउटरची ओळ उमटत जाते. पहिली ओळ तुमच्या डब्याची. मग कंपनीच्या तालुका-जिल्ह्याच्या ठिकाणच्या. मग बहुतेक वेळा मुंबई. प्रत्येक ओळीत मिलिसेकंदांत वेळ असते.

या आकड्यांना अर्थ आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. साताऱ्याहून मुंबईपर्यंत पाच-सात मिलिसेकंद लागले तर सगळं छान. तिथेच दीडशे दिसायला लागले तर एक तर लाइन तुंबलीय, नाहीतर तुमची माहिती मोठा वळसा घालून जातेय.

एका चुकीपासून सावध राहा. मधल्या एखाद्या ओळीत नुसत्या चांदण्या (*) आल्या म्हणजे तिथे तुटलंय असं नाही. पुष्कळ राउटर अशा चौकशीला मुद्दाम उत्तर देत नाहीत. त्यांच्या पुढच्या ओळी येत असतील तर वाट चालू आहे. एका जागेनंतर शेवटपर्यंत सगळ्याच ओळी चांदण्यांच्या आल्या आणि एरवी तसं होत नसेल, तरच तिथे बोट ठेवा. 'एरवी' हे महत्त्वाचं. म्हणून आज, नेट चांगलं चालू असताना, ट्रेसर्ट करून त्याचा फोटो काढून ठेवा. निरोगी माणसाचा ईसीजी आधी काढलेला असला की डॉक्टरांना पुढे जसा उपयोग होतो, तसाच हा फोटो.

एकच साइट की सगळ्याच?

बातम्यांची एक, सरकारी एक, बँकेची एक आणि परदेशी एक, अशा चार वेगवेगळ्या जातींच्या साइट उघडून बघा. फक्त एक गेली असेल तर ती त्यांची अडचण. काही उघडतात, काही नाही, असं असेल तर न उघडणाऱ्या पानावर काय लिहिलंय ते नीट वाचा. १८ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी पाचच्या सुमारास एक्स, चॅटजीपीटी आणि असंख्य साइटवर ५०० क्रमांकाची एरर आणि क्लाउडफ्लेअरचं नाव दिसत होतं. या सगळ्या साइटच्या दारात एकच पहारेकरी बसलेला होता आणि तो आडवा झाला होता. डेटाबेसच्या परवानग्यांमधल्या एका बदलामुळे त्यांच्या बॉट (माणसाऐवजी साइटवर येणारे प्रोग्राम) ओळखणाऱ्या यंत्रणेची फाइल दुप्पट झाली आणि ती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ठरलेल्या मर्यादेपलीकडचं पेलवेना.

त्या दिवसात तपास करणाऱ्यासाठी दोन गोष्टी आहेत. खोळंबे बघायला लोक ज्या डाउनडिटेक्टरवर जातात, तीच साइट अनेकांना उघडेना, कारण तीही क्लाउडफ्लेअरमागेच होती. आणि खुद्द कंपनीच्या इंजिनिअरांना सुरुवातीला हा मोठा हल्ला वाटला, कारण त्याच वेळी योगायोगाने त्यांचं बाहेर ठेवलेलं स्टेटसचं पानही पडलं होतं. म्हणून एका साक्षीवर निकाल देऊ नका. डाउनडिटेक्टर लोकांच्या तक्रारी मोजतो, बिघाड मोजत नाही. व्हॉट्सॲप गेलं तर लोक आपल्या सिम कंपनीच्या नावानेही तक्रार करतात आणि तिचाही आलेख उसळी मारतो.

त्याच्या जोडीला क्लाउडफ्लेअर रडार आणि अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचा आयोडा ही दोन पानं बघा. ती नेटवर्कची हालचालच मोजतात, देशानुसार आणि कंपनीनुसारही. तुम्ही लिहून ठेवलेल्या वेळेला आलेखात खळगा दिसला तर खोळंबा मोठा आहे. मात्र एका तालुक्याची तुटलेली फायबर तिथे दिसेलच असं नाही. तुमच्याकडे काहीच उघडत नसेल तर दुसऱ्या शहरातल्या भावाला-बहिणीला साधा फोन लावा आणि त्यांना ही पानं बघायला सांगा.

गल्लीतली चौकशी

कॉम्प्युटरवरच्या सगळ्या साधनांइतकीच ही मोलाची. चार शेजाऱ्यांना तीन प्रश्न विचारा: कंपनी कुठली, लाल दिवा आहे का, किती वाजता गेलं. एकाच कंपनीचे, एकाच रांगेतले आणि एकाच मिनिटाला गेलेले निघाले तर खांबावरची किंवा रस्त्यातली फायबर गेली. कंपन्या वेगवेगळ्या आणि वेळ एकच असेल तर मोठा चर कापला गेलाय. वेळा मागे-पुढे असतील तर वीज गेल्यावर बॅटऱ्या एकेक करून संपत गेल्याची शक्यता जास्त.

त्या दिवशी मी कागदावर गावाचा कच्चा नकाशा काढून घराघरावर वेळा मांडल्या. सगळ्या ११:०३ आणि ११:०५ च्या मधल्या, आणि सगळी घरं हायवेकडून येणाऱ्या लाइनवरची. मग मोटरसायकल काढली. दुसऱ्या किलोमीटरला ताज्या लाल मातीच्या ढिगावर काळी नळी आणि तिच्यातून निघालेले रंगीत केस दिसले, निळा, नारिंगी, हिरवा. मी फोटो आणि जागेचं लोकेशन कंपनीच्या लाइनमनला पाठवलं. त्यांच्याकडे ओटीडीआर असतं, ते प्रकाशाचा ठिपका सोडून तो किती अंतरावरून परततो यावरून तुटलेली जागा सांगतं. पण ते यंत्र त्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी होतं. माझ्या फोटोमुळे माणसं स्प्लायसिंगचं, म्हणजे फायबर जोडायचं मशीन घेऊन थेट जागेवर आली.

समुद्रातलं तुटलं तर

समुद्राखालची केबल तुटली की आपल्याकडे नेट सहसा पूर्ण जात नाही, ते रखडतं. इथलं सगळं पटपट चालतं, परदेशातलं रेंगाळतं. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या तेव्हा इथल्या आयटीवाल्यांचे हाल झाले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ सी-मी-वी ४ आणि आय-मी-वी या मुंबईला येणाऱ्या दोन केबली एकदम गेल्या. जगात दरवर्षी साधारण १५० ते २०० वेळा केबली बिघडतात आणि त्यामागे बहुतेकदा मासेमारीची जाळी नाहीतर जहाजांचे नांगर असतात. युरोपातल्या सर्व्हरची वेळ रोजच्या सव्वाशे-दीडशे मिलिसेकंदांवरून अडीचशे-तीनशेवर गेली आणि मुंबईची जशीच्या तशी राहिली, तर वळसा समुद्रात आहे असं समजा. इथे तुमच्या हातात करण्यासारखं काही नाही. परदेशी क्लायंटला तसं आधीच कळवून ठेवा.

मुद्दाम बंद केलेलं

जिल्ह्यात तणाव असताना सगळ्या कंपन्यांचा मोबाइल डेटा एकाच मिनिटाला गेला, साधे फोन लागतायत आणि ब्रॉडबँड कदाचित चालूही आहे, तर ती बिघाडाची लक्षणं नाहीत. अमरावतीत नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि कोल्हापुरात जून २०२३ मध्ये सरकारी आदेशाने इंटरनेट बंद होतं. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत असं सांगितलंय. त्यामुळे आदेश बघायला मागणं हा तुमचा हक्क आहे. जिल्हा प्रशासनाकडे विचारा आणि फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर विसंबू नका.

तक्रार आणि भरपाई

तक्रार करा, शेजारी आधीच करून बसला असला तरीही. डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांनुसार एखाद्या जिल्ह्यात मोबाइल सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडला तेवढी वैधता वाढवून मिळायला हवी. एका दिवसात १२ तासांहून जास्त बंद असेल तर तो पूर्ण दिवस धरतात. नैसर्गिक आपत्तीतल्या बंदला हे लागू नाही. कंपनीने दाद दिली नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. या सगळ्यात तुमची ११:०४ ची नोंद आणि दिव्यांचा फोटो कामाला येतात.

आजच करून ठेवायच्या गोष्टी

डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. लोडशेडिंग आणि खरा बिघाड वेगळे कळतात. कनेक्शनचा युजरनेम-पासवर्ड, ग्राहक क्रमांक, लाइनमनचा नंबर वहीत लिहा, कारण फोनमधलं ऑनलाइन खातं नेमकं तेव्हाच उघडत नाही. *९९# ही फोनवरून बँकेचे व्यवहार करायची सेवा बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून सुरू करून एकदा वापरून बघा. ती इंटरनेटशिवाय चालते, साधी रेंज मात्र लागते. दुकान असेल तर सुट्टे पैसे ठेवा.

सेवा केंद्रातल्या ताईंनी आता काउंटरच्या मागे एक वही टांगलीय. तारीख, नेट गेल्याची वेळ, दिवा कुठला, आल्याची वेळ. आणि पेन्शनरांची रांग असली की त्या नाव आणि फोन नंबर लिहून घेतात, नेट आलं की एकेकाला बोलावतात. त्या दिवशीच्या आजी संध्याकाळी साडेपाचला परत आल्या, अंगठा पहिल्याच वेळी लागला.